बोटीवर पगार थांबला तर जिनिव्हाच्या कागदाचा खरंच काही उपयोग होतो का?

खाडीपलीकडचा (धागाकर्ता) · १२ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा भाचा, वय २४, गुहागर तालुक्यातला. जीपी रेटिंगचा (साध्या खलाशाचा) कोर्स केला, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक निघालं आणि मग दीड वर्षं घरी बसून. जिथे जाईल तिथे एकच प्रश्न, एक्स्पिरियन्स आहे का. अरे बोटीवर चढल्याशिवाय एक्स्पिरियन्स येणार कुठून? शेवटी नवी मुंबईतल्या एका एजंटाने साडेतीन लाख घेतले आणि डिसेंबरात ओएस (सगळ्यात खालचा डेक-खलाशी) म्हणून एका छोट्या टँकरवर चढवला. ताईने गळ्यातलं गहाण टाकून पैसे उभे केले होते. पहिल्या महिन्याचे ४५० डॉलर आले. त्यानंतर जानेवारीपासून आजपर्यंत एक रुपया नाही. बोट आखातात एका बंदराच्या बाहेर अँकरला उभी आहे, कार्गो नाही, जेवायला डाळ-भात, प्यायचं पाणी मोजून. कॅप्टन म्हणतो मालक बदलतोय, जरा थांबा. पोरगा आठवड्यातून एकदा कुणाच्यातरी फोनवरून दोन मिनिटं बोलतो आणि ताई मग दोन दिवस जेवत नाही.

गावातल्या एका जुन्या तारवट्याने सांगितलं की एमएलसी म्हणून काहीतरी आहे, आयएलओचा म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा कायदा, त्यात बघ. आता आयएलओ म्हणजे मला शाळेतलं नागरिकशास्त्र आठवतं, जिनिव्हा, गाळलेल्या जागा भरा, एक मार्क. त्या एका मार्काचा आम्हाला इथे काही उपयोग होणार आहे का, का हे सगळं पांढऱ्या शर्टवाल्यांच्या परिषदांपुरतं असतं? खरं काय ते सांगा.

सेकंडसाहेब · १२ जून, रात्री ११:५५

भाऊ, आधी ताईंना सांगा की पोरगा जिवंत आहे, बोटीवर आहे, आणि यातून सुटलेली माणसं आहेत. मी १७ वर्षं सेलिंग करतोय, सेकंड इंजिनीअर, सध्या सुट्टीवर चिपळूणला घरी.

उपयोग होतो. पण नेमका कुठल्या कागदाचा ते कळायला हवं. पुढच्या वेळी फोन आला की त्याला एवढंच सांगा, मेसरूमच्या बाहेर अॅलीवेमध्ये, म्हणजे पॅसेजमध्ये, जिथे मस्टर लिस्ट (आणीबाणीत कोणी कुठे जायचं ती यादी) लावलेली असते तिथे बघ. प्लास्टिकच्या पाकिटात दोन सर्टिफिकेटं चिकटवलेली असतील. त्यातल्या एकावर रेग्युलेशन २.५.२ असं लिहिलेलं असतं. त्याचा स्वच्छ फोटो काढ. त्यावर विमा कंपनीचं नाव, पत्ता, फोन आणि मुदत असते. आम्ही रोज त्याच्यासमोरून चहाचा मग घेऊन जातो आणि कोणी वाचत नाही, मीही पहिली दोन वर्षं वाचलं नव्हतं.

तो कागद तिथे का आहे ते थोडक्यात. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजेच तुमचं एमएलसी, २००६ साली फेब्रुवारीत जिनिव्हाला मंजूर झालं, लागू झालं २० ऑगस्ट २०१३ ला. पण पहिल्या मसुद्यात मालक पळून गेला तर पैसे कोण देणार याचं ठोस उत्तर नव्हतं. २०१४ ला सुधारणा झाली आणि १८ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक जहाजमालकाला आधीच विमा किंवा तशी आर्थिक हमी काढून ठेवणं सक्तीचं झालं. मालकाने दोन महिने पगार दिला नाही, किंवा खाणंपिणं तोडलं, किंवा घरी पाठवायचा खर्च नाकारला, यातलं एक जरी घडलं तरी बोट अबँडन झाली, म्हणजे मालकाने माणसं वाऱ्यावर सोडली, असं धरता येतं. मग त्या हमीतून जास्तीत जास्त चार महिन्यांचा थकलेला पगार, जेवण, पाणी, औषधं, जनरेटरपुरतं इंधन आणि घरचं तिकीट.

तुमच्या भाच्याचे पाच महिने झालेत. म्हणजे चारच्या वर गेलाय, तेव्हा उशीर करू नका. आणि मालक बदलतोय हे प्रत्येक बुडीत बोटीवरचा कॅप्टन सांगतो, बिचाऱ्याला त्यालाही तेवढंच सांगितलेलं असतं.

मीनल_वाचतेय · १३ जून, सकाळी ७:१५

वाचतेय. सर्टिफिकेटचं माहीतच नव्हतं, माझा दीर पण बोटीवर आहे, त्याला आत्ताच मेसेज टाकला.

नाना_डोंबिवलीकर · १३ जून, सकाळी ९:३०

धागाकर्ते, तुमच्या त्या एका मार्काबद्दल थोडं लिहितो, म्हाताऱ्याचं अवांतर समजा. मी जन्मभर युनियनच्या कचेरीत फायली सांभाळल्या.

आयएलओ निघाली १९१९ ला, व्हर्सायच्या तहातून. पहिली परिषद त्याच वर्षी वॉशिंग्टनला. तिथे हिंदुस्थानातल्या कामगारांच्या बाजूने कोण गेलं होतं माहितेय? नारायण मल्हार जोशी. जन्म १८७९, गाव गोरेगाव, मुंबईचं नव्हे, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं, माणगावजवळचं. म्हणजे तुमच्या कोकणातलाच माणूस. पण गंमत अशी की त्यांना कामगारांनी पाठवलं नव्हतं, सरकारने निवडलं होतं. आयएलओचा नियम असा की प्रत्येक देशातून सरकारचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक प्रतिनिधी, चौघांना वेगवेगळं मत, आणि कामगारांचा माणूस देशातल्या प्रमुख कामगार संघटनेला विचारून ठरवायचा. आपल्याकडे अशी देशभरची संघटनाच नव्हती, मग विचारणार कोणाला? यावरून बोंब झाली आणि ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत आयटक स्थापन झाली, लाला लजपतराय अध्यक्ष. इतरही कारणं होती पण जिनिव्हाला आपला माणूस आपण पाठवायचा हे मोठं कारण होतं.

पहिला करार आठ तासांच्या दिवसाचा, आठवड्याला ४८. त्यातच कलम घातलं की ब्रिटिश हिंदुस्थानासाठी ६०. वाचून राग येतो. पण तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत किती तास राबवायचे ते आठवलं की ६० हा सुद्धा विजय वाटला असेल.

आणि खलाशांचा विषय तर आयएलओने दुसऱ्याच वर्षी घेतला. १९२० ला जिनोआला खास दर्यावर्दींसाठी परिषद भरली. त्यात ठरलेल्या दोन गोष्टी सांगतो, बोट बुडाली तर खलाशाला दोन महिन्यांपर्यंतचा पगार, आणि बोटीवर नोकरी लावून देण्याचा धंदा नफ्यासाठी कोणी करायचा नाही.

उलटा_प्रश्न · १३ जून, सकाळी ११:०५

नाना, इतिहास झकास. आता तुम्हीच लिहिलेलं शेवटचं वाक्य परत वाचा आणि मग धागाकर्त्याचे साडेतीन लाख वाचा. शंभर वर्षं झाली की हो.

माझं स्पष्ट मत, या संस्था म्हणजे युरोपियनांनी आपल्याला नियम शिकवण्यासाठी उभी केलेली दुकानं आहेत. आयएलओकडे पोलीस नाही, कोर्ट नाही, दंड नाही. करार करायचा का नाही हे देशाच्या मर्जीवर. आणि जिथे यांना खरंच दात हवे असतात तिथे हेतू वेगळा असतो. नव्वदच्या दशकात व्यापार करारात कामगार कलम घाला म्हणून अमेरिका आणि युरोप मागे लागले होते, का? तर आपला माल स्वस्त पडतो म्हणून. १९९६ ला सिंगापूरच्या डब्ल्यूटीओ परिषदेत भारतासकट बऱ्याच देशांनी ते हाणून पाडलं ते बरं झालं. खलाशांची ती आयटीएफ घ्या, वाहतूक कामगार संघटनांचा जागतिक महासंघ, १९४८ पासून परक्या झेंड्याच्या, म्हणजे मालक एका देशाचा आणि नोंदणी दुसऱ्याच देशात अशा बोटींविरुद्ध मोहीम चालवते, मूळ हेतू काय होता, युरोप-अमेरिकेतल्या खलाशांच्या नोकऱ्या वाचवणं.

कलमवाली · १३ जून, दुपारी २:२०

@उलटा_प्रश्न, अर्धं बरोबर आहे तुमचं म्हणून उत्तर द्यावंसं वाटतं. मी मुंबई हायकोर्टात अॅडमिरल्टीची, म्हणजे जहाजांच्या दाव्यांची, कामं बघते.

आयएलओकडे दंडुका जवळजवळ नाही हे खरं. घटनेतलं कलम ३३ हा शेवटचा उपाय, तो शंभर वर्षांत दोनदा वापरला, २००० साली म्यानमारवर सक्तीच्या मजुरीबद्दल आणि २०२३ ला बेलारूसवर. आपल्याच देशाने संघटना स्वातंत्र्याचा ८७ आणि सामूहिक वाटाघाटीचा ९८ हे दोन मूलभूत करार आजतागायत मान्य केलेले नाहीत, घरकामगारांचा २०११ चा १८९ पण नाही, आणि त्यामुळे आपल्याला कोणी काही केलेलं नाही.

पण बोटीचं प्रकरण वेगळं आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. कारखाना एका जागी असतो. बोटीला धंदा करायचा तर कुठल्यातरी परक्या बंदरात शिरावंच लागतं. एमएलसीने हेच धरलं. झेंडा कुठल्याही देशाचा असो, त्या देशाने करार मान्य केलेला असो वा नसो, मान्य केलेल्या देशाच्या बंदरात बोट आली की तिथला इन्स्पेक्टर चढून तपासणी करू शकतो आणि मान्य न केलेल्या देशाच्या बोटीला जास्त सवलत द्यायची नाही असं कलमच आहे. गंभीर दोष दिसला तर बोट अडवून ठेवायची. बोट एक दिवस उभी राहिली की मालकाचा हजारो डॉलरचा चुराडा होतो. तो दंडुकाच झाला. म्हणून तर पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स, ज्यांना आपण सोयीचे झेंडे म्हणून नावं ठेवतो, त्यांनी सगळ्यात आधी सह्या केल्या, लायबेरिया तर पहिली. करार लागू व्हायला ३० देश आणि जगातल्या जहाजांच्या एकूण टनेजपैकी ३३ टक्के अशी अट होती, तिसावी सही फिलिपिन्सची, २० ऑगस्ट २०१२. त्यानंतर बरोबर वर्षाने लागू. भारत ऑक्टोबर २०१५ ला आला.

आता धागाकर्त्यांसाठी. या सगळ्यात भोक कुठे आहे तर बोट बंदरात शिरली तरच हे दात. बंदराबाहेर अँकरला उभी केलेली बोट म्हणजे इन्स्पेक्टरच्या नजरेआडची बोट, आणि वाईट मालक मुद्दाम तिथेच ठेवतात. म्हणून तुमच्या बाबतीत बंदर नाही, विमा धरायचा. भाच्याच्या कराराची प्रत आहे का? दोन्ही सह्यांची, पगाराचा आकडा असलेली. आणि बोटीचा आयएमओ नंबर, आयएमओ म्हणजे संयुक्त राष्ट्रांची सागरी संघटना. नाव झेंडा काहीही बदलो, तो सात आकडी नंबर बोटीच्या जन्मापासून मरेपर्यंत तोच राहतो.

तो एजंट मात्र वेगळं प्रकरण आहे. एमएलसीप्रमाणे खलाशाकडून नोकरीसाठी एक पैसा घेता येत नाही, फक्त मेडिकल, सीडीसी आणि पासपोर्टचा खर्च त्याचा, व्हिसाचा सुद्धा मालकाचा. आपल्याकडे २०१६ चे नियम आहेत, डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्राच्या नौवहन खात्याचं, आरपीएसएल (खलाशी भरतीचं) लायसन्स लागतं. साडेतीन लाख रोख दिले असणार आणि पावती नसणार, बरोबर?

खाडीपलीकडचा · १३ जून, रात्री ९:१०

बरोबर. रोख, पावती नाही. दोन हप्ते, एक स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीजवळ घेतला. आम्ही मूर्ख ठरलो.

सर्टिफिकेटचा फोटो आला. पोराने रात्री टॉर्च मारून काढलाय. मुदत ३० जुलैपर्यंत आहे, विमा कंपनीचं नाव आहे. आयएमओ नंबर पण पाठवला. आणि एक सांगतो, त्याने बोटीच्या मागच्या बाजूचाही फोटो टाकलाय, आत्ताच्या नावाखाली जुन्या नावाची वेल्डिंगची अक्षरं रंगातून उठून दिसतात, आणि त्याच्याखाली अजून एक नाव. तीन नावं झालीत या बोटीची. करार आहे पण एकाच बाजूची सही, मालकाच्या जागी नुसता शिक्का.

सेकंडसाहेब · १३ जून, रात्री १०:३०

३० जुलै म्हणजे वेळ आहे, पण रेंगाळू नका. उद्या एकच मेल करा, विमा कंपनीला, आणि कॉपी झेंड्याच्या देशाच्या मेरिटाइम ऑफिसला, डीजी शिपिंगला, तिथल्या भारतीय वकिलातीला, आयटीएफला आणि आपल्या मुंबईतल्या युनियनला. नुसी म्हणजे नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया, रेटिंग्सची मोठी युनियन तीच. मेलमध्ये रडगाणं नको. बोटीचं नाव, आयएमओ नंबर, जागा, किती माणसं, कधीपासून पगार नाही, किती दिवसांचं पाणी आणि रेशन शिल्लक. अबँडनमेंट हा शब्द आणि रेग्युलेशन २.५.२ पहिल्याच ओळीत. आणि जमलं तर सगळ्या क्रूची सही, एकटा पोरगा पुढे केला तर कॅप्टन त्याला त्रास देईल.

@कलमवाली ताई, मुदत संपल्यावर काय?

कलमवाली · १३ जून, रात्री ११:००

पगार थकला तेव्हा हमी चालू होती हे महत्त्वाचं. शिवाय विमा कंपनीला मध्येच हमी रद्द करायची तर झेंड्याच्या देशाला ३० दिवस आधी कळवावं लागतं. शिक्क्याच्या कराराचं टेन्शन घेऊ नका, क्रू लिस्टमध्ये नाव आहे, सीडीसीत नोंद आहे, पहिला पगार बँकेत आलाय. तेवढं चालतं.

कुडातला_पेद्रू · १४ जून, सकाळी ८:००

पणजीहून. नानांचं वाचून लिहावंसं वाटलं. आमचा आजोबा १९५० च्या सुमारास धोबीतलावला गावच्या कुडात राहून बोटीची वाट बघायचा. कूड म्हणजे गोव्याच्या एकेका गावाचा मुंबईतला क्लब, एक मोठी खोली, भिंतीला पेट्या, मध्ये अल्तार, बोटीवरून उतरलेला आणि बोटीवर जायचा दोघे शेजारी झोपणार. आमचे लोक सलूनला, म्हणजे स्टुअर्ड, कुक. रत्नागिरीकडचे मुसलमान आणि इतर कोकणी डेकवर. आणि बोट मिळवून द्यायला मधला माणूस, घाट सारंग. त्याला पैसे चारल्याशिवाय नाव लागत नसे. आजोबा म्हणायचा, पहिल्या ट्रिपचा पगार सारंगाचा, दुसऱ्या ट्रिपचा सावकाराचा, तिसऱ्या ट्रिपपासून आपला. गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात आपला माणूस तेव्हा काम करायचा.

वडापावच्या गाडीजवळचा तुमचा एजंट हा त्याच सारंगाचा नातू समजा.

वाट_बघणारी · १४ जून, दुपारी १२:४५

माझा नवरा थर्ड इंजिनीअर. मी या धाग्यावर दोन्ही बाजूंनी बोलू शकते.

एमएलसीत लिहिलंय की माणसाला बारा महिन्यांच्या आत घरी पाठवायचं, रजेचा हिशोब धरून हे अकरा महिने होतात. २०२० ला काय झालं? नवरा फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी गेला तो पुढच्या मे महिन्यात आला. पंधरा महिने. मुलगी जन्मली ती त्याने व्हिडिओवर पाहिली, आला तेव्हा ती त्याच्याकडे जाईना. त्याचा काही एकट्याचा प्रश्न नव्हता, त्या वर्षाअखेरीस जगभरात चार लाखांच्या आसपास माणसं मुदत संपून बोटीवर अडकली होती. बंदरं माल उतरवून घ्यायची आणि माणसाला उतरू द्यायची नाहीत. तेव्हा कुठे गेला होता करार? बऱ्याच देशांनी कोविडची अडचण सांगून मुदतवाढीची पत्रं दिली.

पण हेही सांगते, डिसेंबर २०२० मध्ये आयएलओच्याच तज्ज्ञ समितीने स्पष्ट लिहिलं की सरकारांनी करार पाळला नाही आणि महामारी ही कायमची सबब होऊ शकत नाही. आमच्या बायकांच्या ग्रुपवर तो कागद फिरला होता. त्याने नवरा लगेच घरी आला नाही. पण कंपनीच्या ऑफिसला फोन करताना "मॅडम आमच्या हातात नाही" या वाक्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काहीतरी होतं. नाहीतर तोपर्यंत मी नुसती रडायचे फोनवर.

आणि छोट्या गोष्टी बदलतात हो. २०२२ ची सुधारणा डिसेंबर २०२४ पासून लागू झाली, त्यात बोटीवर इंटरनेट द्यायचा प्रयत्न करायचा, पिण्याचं चांगलं पाणी फुकट, आणि सेफ्टीचे कपडे माणसाच्या मापाचे. हसू नका, नवऱ्याच्या बोटीवर एक मुलगी कॅडेट होती, तिला लार्ज साइजचा बॉयलर सूट बाह्या दुमडून घालावा लागायचा, इंजिन रूममध्ये फिरत्या मशिनरीपाशी.

उलटा_प्रश्न · १४ जून, दुपारी ३:३०

@वाट_बघणारी ताई, यावर वाद घालणार नाही. पण @सेकंडसाहेब, तुम्ही खरं सांगा. विश्रांतीचे तास. नियमात २४ तासांत १० आणि आठवड्यात ७७ ना? मिळतात?

सेकंडसाहेब · १४ जून, संध्याकाळी ६:५०

पकडलंत. 😄

कागदावर मिळतात. प्रत्यक्षात चार दिवसांत तीन पोर्ट असतील तर विसरा. दहा तास दोनच तुकड्यांत घ्यायचे, त्यातला एक सलग सहा तासांचा. आता बघा, रात्री दोनला पायलट (बोट बंदरात नेणारा), पहाटे पाचला धक्का, सातला बंकर म्हणजे इंधन भरणं, दहाला सर्व्हेअर, दुपारी प्युरिफायर बोंबलला, संध्याकाळी परत स्टँडबाय. सहा तास सलग कुठून काढू? मग रात्री कॉम्प्युटरवर तास भरायचे, सॉफ्टवेअर लाल दाखवतं, चीफ येऊन म्हणतो साहेब हिरवं करा ऑफिसचा फोन येईल. आम्ही हिरवं करतो. याला बोटीवर फ्लॉगिंग म्हणतात. स्वीडनच्या वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटीने २०२० मध्ये यावर संशोधन केलं, तेही हेच सांगतं की नोंदी जुळवून घेणं सर्रास चालतं. कारण माणसंच कमी. किती माणसं हवीत ते झेंड्याचा देश ठरवतो आणि कमी माणसांत चालवा म्हणणारा झेंडा मालकांना आवडतो.

म्हणजे माझं म्हणणं असं की करारातला जो भाग एका कागदाकडे, एका पैशाच्या थैलीकडे बोट दाखवतो तो चालतो. जो भाग आमच्याच हाताने भरलेल्या तक्त्यावर विसंबतो तो चालत नाही.

नाना_डोंबिवलीकर · १४ जून, रात्री ८:१५

उलटा_प्रश्न, तुमचा वाद नवा नाही म्हणून सांगतो. १९२९ ला नागपूरला आयटकचं अधिवेशन झालं, अध्यक्ष पंडित नेहरू. तेव्हा डाव्यांचं म्हणणं अगदी तुमच्यासारखं, जिनिव्हा हे साम्राज्यवाद्यांचं नाटक, सरकारने कामगारांवर नेमलेल्या रॉयल कमिशनवर बहिष्कार घाला, परिषदेला माणूस पाठवू नका. ठराव पास झाला आणि ना. म. जोशी आपली माणसं घेऊन बाहेर पडले, संघटना फुटली. जोशींचं म्हणणं, दार उघडं आहे तर आत जाऊन मिळेल ते ओढून आणा. माझे वडील गिरणीत होते, लाल बावट्याचे, ते जोशींना मवाळ म्हणून नावं ठेवायचे. आणि त्याच वडिलांनी प्रॉव्हिडंट फंड, विमा, ओव्हरटाइम सगळं घेतलं. मी कोणाच्या बाजूने ते अजून ठरवू शकलो नाही, वय पंच्याहत्तर झालं.

उलटा_प्रश्न · १४ जून, रात्री ८:४०

नाना 🙏 हे माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा सोडत नाही. आयएलओच्या समितीने एबीचा, म्हणजे ओएसच्या वरच्या खलाशाचा, किमान बेसिक पगार २०२५ साठी ६७३ डॉलर ठरवला होता, आठवड्याचे ४८ तास धरून. जगात दुसऱ्या कुठल्या धंद्याला असा आंतरराष्ट्रीय किमान पगार नाही, म्हणून मिरवतात. आणि नॉर्वेचा एबी या पगारात घरचं वीजबिल भरणार नाही.

कलमवाली · १४ जून, रात्री ९:०५

तो आकडा तर कराराच्या भाग ब मध्ये आहे, म्हणजे मार्गदर्शक. भाग अ सक्तीचा. त्यामुळे तो हक्काने मागता येतो असंही नाही, युनियनच्या करारात उतरला की मगच. आणि @उलटा_प्रश्न, नॉर्वेवाल्याला नाही पुरत पण धागाकर्त्याच्या भाच्याला ४५० ऐवजी त्याच प्रमाणात मिळाले असते तर ताईंचं गळ्यातलं लवकर सुटलं असतं.

खाडीपलीकडचा · २ जुलै, रात्री १०:००

अपडेट देतो, उशीर झाला. मेल केला होता १५ ला. १४ जणांपैकी ११ जणांनी सही दिली, कॅप्टन आणि दोघे सोडून. पाच दिवस कोणाचंच उत्तर नाही. मग आयटीएफच्या त्या भागातल्या माणसाचा फोन, बोटीची नोंद आयएलओ आणि आयएमओच्या अबँडनमेंटच्या यादीत टाकली म्हणाला. यादी कोणालाही बघता येते, मी स्वतः उघडून बघितली, बोटीचं नाव, झेंडा, माणसांची संख्या. बघताना अंगावर काटा आला. आणि आपलं प्रकरण काही जगावेगळं नाही हेही कळलं, आयटीएफच्या हिशोबाने २०२४ मध्ये ३१२ बोटी आणि ३,१३३ माणसं अशी टाकून दिली गेली होती.

काल विमा कंपनीचा तिथला माणूस लाँच घेऊन गेला. पाण्याचे कॅन, तांदूळ, कांदे, चिकन, आणि जनरेटरचं डिझेल. पोराने फोन करून सांगितलं मामा आज फॅन चालू झाला.

वाट_बघणारी · २ जुलै, रात्री १०:२०

फॅन चालू झाला हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. जून महिन्यात आखातात, लोखंडी खोलीत.

कलमवाली · ३ जुलै, सकाळी ९:००

उत्तम. आता एक लक्षात ठेवा, उतरताना कोणी "सर्व हिशोब मिळाला, काही मागणं नाही" असा कागद पुढे करेल. जेवढे मिळाले तेवढ्याचीच पोच द्यायची. बाकीच्या पगाराचा हक्क बोटीवर राहतो, खलाशाच्या पगाराचा बोजा बोटीलाच चिकटलेला असतो, मालक बदलला तरी सुटत नाही. आपल्या २०१७ च्या अॅडमिरल्टी कायद्यात तर अशा बोजांच्या क्रमात पगार पहिला आहे. तिथल्या कोर्टात बोट लिलावात गेली तर मागता येईल, वेळ लागेल.

खाडीपलीकडचा · ६ सप्टेंबर, सकाळी ११:३०

भाचा २ तारखेला घरी आला. नऊ किलो कमी झालाय, बाकी ठीक. विमानतळावर ताईने त्याला ओळखलं आणि मी नाही ओळखलं.

हिशोब लिहितो, कोणाच्या उपयोगी पडेल. जानेवारी ते ऑगस्ट आठ महिने थकले, हमीतून मिळाले चार, १,८०० डॉलर, म्हणजे साधारण एक लाख पंचावन्न हजार. तिकीट त्यांचं. बाकीच्या चार महिन्यांचा दावा तिथल्या वकिलाकडे, सगळ्यांचा मिळून. कलमवाली ताईंनी सांगितलेला कागद आलाच होता पुढे, इंग्रजीत, पोराने "चार महिने मिळाले, बाकी येणं आहे" असं लिहून सही केली, तो माणूस जरा चिडला पण काही बोलला नाही. एजंटाचा फोन बंद. डीजी शिपिंगकडे आणि पोलिसांत तक्रार दिलीये, ठाणे अंमलदार म्हणाला पावती आणा.

म्हणजे साडेतीन लाखांतले अजून निम्मेही परत आले नाहीत. पण पोरगा घरात आहे, ओटीवर झोपलाय आत्ता.

उलटा_प्रश्न · ६ सप्टेंबर, दुपारी १२:१०

अभिनंदन हो. मनापासून. पावती आणा म्हणणाऱ्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

सेकंडसाहेब · ६ सप्टेंबर, दुपारी १:००

झकास. एक राहिलं, उतरताना सीडीसीवर कॅप्टनची सही-शिक्का घेतला ना? अँकरला उभी का असेना, सी टाइम तो सी टाइम.

खाडीपलीकडचा · ६ सप्टेंबर, दुपारी १:४५

घेतलाय. पहिलं तेच दाखवलं त्याने. म्हणतो मामा, आता कोणी विचारलं एक्स्पिरियन्स आहे का तर आहे म्हणून सांगायचं. ताई त्याच्यावर ओरडतेय की परत बोटीचं नाव काढायचं नाही, आणि तो मोबाईलवर आरपीएसएलची यादी उघडून बसलाय. @सेकंडसाहेब, त्यात लायसन्स चालू आहे का सस्पेंड आहे ते कुठल्या कॉलममध्ये बघायचं?